खालच्या मजल्याचा ठोका

माझ्या क्लासच्या दारावर पाटी आहे आणि पाटीवर तीन नियम आहेत. चपला बाहेर, मोबाइल बाहेर, मेट्रोनोम बाहेर. पहिले दोन कुणालाही कळतात. तिसऱ्याबद्दल नवे पालक हमखास विचारतात, आणि खरं सांगायचं तर त्यांनी विचारावं म्हणूनच मी तो लिहिलाय. मेट्रोनोम म्हणजे टिकटिक करून लय धरून देणारं छोटं यंत्र. ड्रम शिकवणारे बाकी सगळे ते लावून शिकवतात. मी नाही. "माझी मुलं कुबड्या घेऊन वाजवत नाहीत," असं मी नाक वर करून सांगायचे आणि लगेच सहाही जणांना एकदम वाजवायला लावायचे. सहा काठ्या एका क्षणी खाली यायच्या, सहा वर जायच्या. पालक गार व्हायचे.

एकोणीस वर्षं ही फुशारकी मारल्यावर मी तोंडघशी कशी पडले, त्याची ही हकिकत.

क्लास म्हणजे एक लांबट खोली, लोखंडी जिना चढून वर. सहा स्टुलं, सहा रबरी पॅड, एक खरा साईड ड्रम, एक मोठा ड्रम ज्याचं कातडं मी दोनदा बदललंय, आणि कडेला चीर गेलेली एक झांज. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पुठ्ठे लावलेत. ते पुठ्ठे खालच्या खोकेवाल्या काकांनी दिले. काकांचा तिथे खोकी बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं एवढंच, एक काका, एक मदतनीस बाई आणि एक मशीन.

त्या मशीनला माझी मुलं आजीबाई म्हणायची. पुठ्ठ्याचा ताव आत सरकवायचा, जबडा मिटायचा आणि तावातून खोक्याचा आकार कापून निघायचा. मिटताना धप्प, उघडताना खर्र. काका उजव्या हाताने नवा ताव आत घालायचे आणि डाव्या हाताने कापलेला काढून घ्यायचे, दिवसभर. धप्प झालं की आमची फरशी हलकीशी दणकायची. पहिल्या वर्षी मी दोनदा खाली जाऊन भांडले होते. नंतर तो आवाज मला ऐकूच येईनासा झाला. स्वतःच्या घरातलं घड्याळ तरी कुणाला ऐकू येतं?

माझ्या सहा जणांत एक माझी सख्खी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. एका जागी बसणं तिला जन्मापासून माहीत नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणतात. क्लासमध्ये मला ताई म्हणायचं आणि घरी मावशी, हा माझा नियम ती दिवसातून चारदा मोडते. वय पावणेबारा. हे वय सांगायला कारण आहे. शहराच्या बालवाद्यवृंदात बारा पूर्ण व्हायच्या आत प्रवेश घ्यावा लागतो, आणि तालवाद्यांची तिथे एकच जागा असते. ती जागा चार वर्षांनी रिकामी झाली होती. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. या वेळी नाही तर कधीच नाही, इतका साधा हिशेब होता.

भिंगरीने चाचणीची सूचना आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. "मावशी, मला ती जागा हवीय," ती मला म्हणाली होती. लाडात नाही, हट्टाने नाही. दात घासायला जाते, असं सांगावं तसं सरळ. तिच्या आईने "बघू, होईल ते होईल" म्हटलं, कारण माझ्या बहिणीचं सगळंच होईल ते होईल असतं. पण मी त्या क्षणी मनाशी ठरवून टाकलं की ही जागा हिची.

चाचणीत काय असणार तेही सूचनेत लिहिलं होतं. सोळा आवर्तनं वाजवायची, मग आठ आवर्तनं गप्प राहायचं आणि नेमक्या जागी परत सुरू करायचं. एका आवर्तनात चार मात्रा, म्हणजे बत्तीस मात्रांची शांतता. लय धरून द्यायला कुणी नाही, काही नाही. परीक्षकांकडे मात्र घड्याळ. ते वाचून मी मनातल्या मनात टाळी वाजवली होती. यंत्राशिवाय वाजवायचं म्हणजे आमच्याच अंगणातला खेळ.

सोमवारी दुपारी काका जिना चढून वर आले. एरवी ते वर येत नाहीत, त्यांचे गुडघे कुरकुरतात. त्या दिवशी चेहऱ्यावर नव्या नवऱ्याची कळा होती.

"ताई, तुमची कटकट संपली," ते म्हणाले. "आजीबाईंना निरोप दिला. नवीन मशीन आलं. बटण दाबायचं आणि बघत बसायचं. आवाज म्हणून नाही."

मी त्यांचं तोंडभरून अभिनंदन केलं. वर असंही म्हणाले की आता मुलांना एकाग्र होता येईल. हे वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

पाच वाजता मुलं आली. मी एक, दोन, तीन, चार म्हटलं. पहिलं आवर्तन बरं गेलं. दुसऱ्यात कोपऱ्यातला का-बरं अर्धी मात्रा पुढे गेला. त्याला प्रत्येक गोष्टीत "का बरं?" विचारायची खोड आहे, म्हणून हे नाव. तिसऱ्या आवर्तनात दोघी मागे राहिल्या. पाचव्यात सहाजणांची सहा गावं झाली. मी थांबवलं. परत सुरू केलं. परत तेच. पायऱ्यांवरून बटाट्याचं पोतं सांडावं तसा आवाज.

मी रागावले. माझा राग नाकावर असतो आणि ते मी नाकारत नाही. शनिवार-रविवारी कुणी काठ्यांना हात लावला नाही म्हणून बोलले, मोबाइलवरून बोलले, झोप पुरत नाही यावरून बोलले. भिंगरी मान खाली घालून काठीवरचं साल काढत होती.

बुधवारी त्याहून वाईट. शुक्रवारी मी स्वतः मोठा ड्रम घेऊन बसले, म्हटलं माझ्यामागून या. जोरजोरात वाजवायला लागले. थोड्या वेळाने का-बरं थांबला. त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि हात वर केला.

"ताई, तुम्हीपण पळताय का?"

"मी? मी कशाला पळेन?"

"नाही, पळत नसाल. पण मग मघाशी हळू होतात आणि आता जोरात, असं का बरं?"

मी त्याला पॅड पुसायला बसवलं. सहाच्या सहा पॅड. तो बिचारा आनंदाने पुसत बसला, त्यामुळे शिक्षेतही काही राम राहिला नाही. चाचणीला दोन आठवडे उरले होते आणि भिंगरीची आठ आवर्तनांची शांतता कधी सहा आवर्तनांत संपत होती, कधी सातात.

शनिवारी सकाळी मी बहिणीकडे निघाले. भिंगरीला काठ्यांची नवी जोडी द्यायची होती आणि जमलं तर चार शब्द सुनवायचे होते. दार उघडंच होतं. बहीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिले.

आतल्या खोलीतून आवाज येत होता. धप्प. खर्र. धप्प. खर्र.

आजीबाई. भंगारात गेलेलं मशीन माझ्या बहिणीच्या घरात चालू होतं. क्षणभर मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग त्या आवाजावर काठ्या पडायला लागल्या, आणि काय पडत होत्या. एकेक ठोका जागच्या जागी, सोळा आवर्तनं, एकही मात्रा तसूभर इकडेतिकडे नाही. मागच्या आठवड्यापर्यंतची माझी भिंगरी.

मी दार ढकललं. ती पलंगावर उशी ठेवून उशीवर वाजवत होती. बाजूला स्टीलच्या रिकाम्या डब्यात मोबाइल उभा केलेला, आवाज मोठा यावा म्हणून. मला बघून तिने झटकन मोबाइल उशीखाली सरकवला. उशीखालून आजीबाई धपधपत राहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही काय? मला ऐकू येतंय की."

तिने मोबाइल काढून बंद केला. मग नखं बघत म्हणाली, "मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काकांकडे जाऊन रेकॉर्ड केलं होतं. क्लासमध्ये माझं बरोबर यायचं आणि घरी चुकायचं. मला वाटायचं घरचा पलंग वाईट आहे. कारण त्याआधी एकदा काकांचं मशीन बिघडलं होतं ना, दुपारपासून बंद, तेव्हा क्लासमध्येपण चुकलं. तेव्हा कळलं."

"वर्षभर तुला माहितीय?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती एकदम म्हणाली, "तू सगळ्यांच्या आईबाबांना सांगतेस ना, आम्ही यंत्रावर वाजवत नाही म्हणून. इतक्या आनंदाने सांगतेस. तुला वाईट वाटलं असतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. आयुष्यात इतकी शरम मला क्वचित वाटली असेल, आणि इतकी मायाही. पावणेबारा वर्षांची पोर वर्षभर माझी लाज झाकत होती. स्वतःची जागा पणाला लागली तरी बोलली नव्हती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिच्या हातात काठ्या होत्या आणि माझ्याही. शेवटी मी नुसत्या नव्या काठ्या तिच्या पुढ्यात ठेवल्या.

"ह्या वजनाला थोड्या हलक्या आहेत," मी म्हणाले.

तिथून मी तडक कारखान्यात गेले. शनिवारी आमचा क्लास नसतो, काका मात्र असतात. नवं मशीन कोपऱ्यात मांजरासारखं गुरगुरत होतं आणि काका स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत होते. जुन्या मशीनच्या जागी फरशीवर तेलाचा चौकोनी डाग उरला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. न लपवता. एकोणीस वर्षं मी शिकवलेली लय माझी नव्हतीच, तुमच्या मशीनची होती. मुलं आजीबाईच्या बोटाला धरून चालत होती, मीही चालत होते, आणि मी दारावर पाटी लावून मिरवत होते.

काकांनी चष्मा काढला. आधी मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. पण त्यांचे खांदे हलत होते.

"हसताय काय?"

"हसू नको तर काय करू?" ते डोळे पुसत म्हणाले. "अहो ताई, मशीनची कसली लय? त्याला पट्टा होता, तो सैल-घट्ट करायला दांडा होता. तो दांडा कोण हलवायचं? मी. आणि मी कशावर हलवायचो?" त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "तुमच्यावर."

मला कळेना. त्यांनी मला समजावून सांगितलं, एखाद्या नव्या मुलाला सांगावं तसं. त्या जबड्यात दिवसभर हात घालायचा आणि काढायचा. आकडे मोजत बसलं तर मन भरकटतं, आणि मन भरकटलं की बोट जातं. म्हणून ते कान वर ठेवायचे. पाच वाजता आम्ही सुरू झालो की दांडा जरासा सरकवून मशीन आमच्याशी जुळवून घ्यायचे. मुलं रेंगाळली की दांडा खाली, मुलं चेकाळली की वर. मग हात आपोआप चालायचे.

"मंगळवारी नि गुरुवारी तुमचा क्लास नसायचा ना," ते म्हणाले, "तेव्हा संध्याकाळी माझे ताव वाकडे बसायचे. विचारा हिला."

मदतनीस बाईने मान डोलावली. "रद्दी दुप्पट निघायची," ती म्हणाली. "आम्ही म्हणायचो, आज वरची पोरं नाहीत."

मी उभी होते ती खाली बसले, खोक्यांच्या गठ्ठ्यावर. म्हणजे मुलं मशीनवर वाजवत होती आणि मशीन मुलांवर चालत होतं. दोघांपैकी कुणीच कुणाला लय धरून दिली नव्हती. एकमेकांचं ऐकत होते, एवढंच. मला हायसं वाटलं, पण ते हायसं वाटणं भिंगरीच्या कामाचं नव्हतं. तिला चाचणीत एकटीने वाजवायचं होतं, आणि एकटीने तिथे कुणाचं ऐकायचं?

"काका," मी म्हणाले, "समजा मी आत्ता आजीबाई परत आणून ठेवली आणि तुमचे कान बांधले, तर तुमचे हात चालतील?"

त्यांनी थोडा विचार केला. मग उठून तेलाच्या डागापाशी उभे राहिले आणि नसलेल्या मशीनमध्ये नसलेला ताव सरकवला. उजवा हात आत, डावा बाहेर. उजवा आत, डावा बाहेर. मी मनगटावरच्या घड्याळात बघत राहिले. पूर्ण दोन मिनिटं. सेकंदाचा काटा आणि काकांचे हात यांच्यात केसाचं अंतर पडलं नाही.

"घाई नाही करायची," हात चालू ठेवून ते म्हणाले. "नवशिके इथेच फसतात. ताव घातला की लगेच हात ओढतात. जबडा उघडायला त्याचा वेळ लागतो, तो त्याला द्यायचा."

सोमवारी काका वर आले, कुरकुरत्या गुडघ्यांनी, हातात पुठ्ठ्याचे दहा ताव घेऊन. मी मुलांना दोन रांगांत समोरासमोर उभं केलं. एका आवर्तनात एक ताव उजव्या हाताने द्यायचा, डाव्याने घ्यायचा. आधी मी मोठ्याने मात्रा मोजत, मग पुटपुटत, मग गप्प.

"ड्रमच्या क्लासमध्ये पुठ्ठे का बरं?" कोपऱ्यातून प्रश्न आलाच.

"कारण मला दुसरं काही सुचत नाहीये," मी म्हणाले. मुलांनी मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती सगळी एकदम शहाण्यासारखी वागायला लागली.

मी त्यांना आजीबाईचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती हसतील. एकजण म्हणाला, "तरीच," आणि विषय संपला. मुलांना मोठ्यांच्या फजितीचं फारसं अप्रूप नसतं, ती त्यांना आधीपासून माहीत असते.

ताव देता-घेता मग एकेकाला बाजूला काढून ड्रमवर बसवायचं. बाकीचे ताव फिरवत राहायचे, त्याने त्यांच्याकडे बघत वाजवायचं. मग पाठ करून. मग डोळे मिटून. मग बाकीच्यांनी खोलीबाहेर जायचं आणि त्याने एकट्याने वाजवायचं, बाहेर जिन्यावर ताव फिरतच असायचे. परत आत आले की कोण कुठे पोचलं ते कळायचं. पहिल्या दिवशी सगळेच रस्ता चुकले. चौथ्या क्लासला दोघी बरोबर सापडल्या आणि इतक्या नाचल्या की एक स्टूल मोडलं.

भिंगरी सापडत नव्हती. वाजवताना चोख, पण शांततेत तिचा धीर सुटायचा. आठवं आवर्तन पुरं व्हायच्या जरासं आधी तिची काठी पडायची. जरासं म्हणजे पापणी लवेल इतकंच, पण परीक्षकांच्या घड्याळाला तेवढं पुरे.

"काय होतं नेमकं?" मी तिला विचारलं. चाचणीला तीन दिवस होते.

"गप्प बसलं की वाटतं, सगळे माझीच वाट बघताहेत. मग मी येते."

"कोण वाट बघतंय?"

"तूच," ती म्हणाली.

ते खरं होतं. तिच्या प्रत्येक शांततेत मी पुढे झुकून, श्वास रोखून उभी असायचे. मी तिला काही समजावलं नाही. शुक्रवारच्या क्लासला ती वाजवत असताना खुर्चीत मागे रेलले आणि एका जुन्या काठीला चिकटपट्टी गुंडाळत बसले. सोपं नव्हतं. त्या दिवशी तिची काठी आणखी थोडी उशिरा पडली. जवळजवळ बरोबर. जवळजवळच.

शनिवारी आम्ही तिघी गेलो, मी, बहीण आणि भिंगरी. शाळेसारखी इमारत, लांब व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, बाकांवर मुलं आणि त्यांच्याहून घाबरलेले आईबाप. काका आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं.

"इकडे जरा काम होतं," ते म्हणाले. त्या इमारतीत खोकेवाल्याला काय काम असणार, हे मी विचारलं नाही.

मोबाइल आत न्यायला बंदी होती. भिंगरीने आपला माझ्याकडे दिला. "जाऊ?" तिने विचारलं. "जा," मी म्हणाले. "मी इथे आरामात बसलेय. मला काही घाई नाही." तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि आत गेली. दार लागलं. जाड लाकडी दार, त्याला काचसुद्धा नाही.

आतून सूचना ऐकू आल्या, मग काठ्यांचे चार हलके ठोके, मग वाजायला लागलं. सोळा आवर्तनं मी बोटावर मोजली. चोख. सोळावं संपलं आणि सगळं शांत झालं.

माझी छाती धडधडत होती, तिच्यावर लय धरण्यात अर्थ नव्हता. मी मागे रेलले, तिला कबूल केलं होतं म्हणून. मान वळवली तर शेजारी काका ताठ बसले होते, डोळे मिटून. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि पुढे सरकला. डावा मागे आला. उजवा आत, डावा बाहेर. कसलीही घाई नाही, जबडा उघडायला लागेल तेवढा वेळ देत. पलीकडच्या बाकावरची एक आई त्यांच्याकडे बघत होती. दोन. तीन. बहिणीने माझं मनगट धरलं होतं. पाच. व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी खोकलं. सहा. याच सुमारास तिचा धीर सुटायचा. सात. दाराआड काहीही नाही. आठ. मला वाटलं, संपलं, चुकली, विसरली. काकांचा हात नवव्यांदा आत गेला, आणि तो जिथे थांबला तिथे, त्याच क्षणी, दारापलीकडे काठी पडली.

काकांनी डोळे उघडले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

यादी तासाभराने लागली. तालवाद्यांच्या पुढे एकच नाव होतं आणि ते आमचं होतं. बहीण म्हणाली, "मी म्हटलंच होतं, होईल ते होईल." मग तीच सगळ्यांत जास्त रडली. काकांनी भिंगरीशी अगदी गंभीरपणे हात मिळवला आणि मग खरंच काही काम असल्यासारखे लगबगीने निघाले.

"शांततेत काय करत होतीस?" जिना उतरताना मी तिला विचारलं.

"काही नाही. ताव देत होते." तिने खांदे उडवले. "आज कुणी वाट बघत नव्हतं."

खाली आल्यावर तिने माझ्याकडून मोबाइल घेतला आणि अंगठ्याने काहीतरी शोधायला लागली. मी वाकून बघितलं. आजीबाईचं रेकॉर्डिंग होतं.

"आता पुसून टाकते," ती म्हणाली. "काही गरज नाही ना?"

"थांब," मी म्हणाले. "आधी मला पाठव."